फ्रान्सच्या फॉरेन लीजनमधील दुसऱ्या पॅराशूट रेजिमेंटचा इतिहास काय आहे? तिची ख्याती कोल्वेझी मोहिमेपुरतीच आहे का? आणि तिला भाडोत्री फौज म्हणायचे का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: या रेजिमेंटचा इतिहास काय, तिचे नाव आफ्रिकेतील कोल्वेझी शहरातल्या १९७८ च्या सुटका मोहिमेमुळेच झाले का, आणि तिला भाडोत्री फौज म्हणायचे का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते, म्हणून ते आधी देतो. फॉरेन लीजन ही १० मार्च १८३१ रोजी राजा लुई फिलिप याच्या आदेशाने स्थापन झालेली फ्रेंच भूदलाची नियमित शाखा आहे. तिच्यात जगभरातून आलेले शिपाई पाच वर्षांच्या करारावर भरती होतात, पण अधिकारी बहुतांशी फ्रेंच असतात, कायदा फ्रेंच असतो आणि हुकूम फ्रेंच सरकारचाच चालतो. त्यामुळे आफ्रिकेत कुणाच्याही पैशावर लढलेल्या खासगी टोळ्यांच्या पंक्तीत तिला बसवणे अन्यायाचे होईल.

कोल्वेझीमुळे या रेजिमेंटचे नाव जगभर झाले, हे खरे आहे. मात्र माझे मत असे आहे की कोल्वेझीवर उतरलेली रेजिमेंट घडली ती १९६३ नंतरच्या लढाई नसलेल्या चार-पाच वर्षांत, आणि ती वर्षे समजून घेण्यासाठी त्याआधी तिच्यावर काय ओढवले होते ते पाहावे लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्स इंडोचायनात व्हिएत मिन्ह या व्हिएतनामी स्वातंत्र्य आघाडीशी लढत होता. डोंगर, जंगल आणि रस्त्यांचा अभाव यांमुळे वेढ्यात सापडलेल्या ठाण्यांना हवेतून कुमक पोहोचवणाऱ्या पलटणींची गरज सतत भासत होती. त्या गरजेतून १९४८ मध्ये लीजनच्या पहिल्या दोन पॅराशूट बटालियन उत्तर आफ्रिकेत उभ्या राहिल्या. पहिली जुलैमध्ये, तर दुसरी १ ऑक्टोबरला अल्जीरियातील सेतिफ येथे. नोव्हेंबर १९४८ मध्ये पहिली आणि १९४९ च्या आरंभी दुसरी इंडोचायनात पोहोचली. तिथे या दोन्ही बटालियनमध्ये व्हिएतनामी छत्रीधारी सैनिकांच्या कंपन्याही होत्या, हा तपशील लीजनच्या गौरवगाथांमध्ये बरेचदा गाळला जातो.

पहिली बटालियन ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सीमेलगतच्या वसाहती रस्ता क्रमांक ४ वर संपली. काओ बांगचे ठाणे सोडून माघार घेणाऱ्या सैन्याला वाट मोकळी करून देण्यासाठी तिला पाठवले होते, परंतु कोक सा येथील चुनखडीच्या सुळक्यांमध्ये ती अडकली, तिचे प्रमुख मेजर सेग्रेतां प्राणघातक जखमी झाले आणि शेकडो शिपायांपैकी मूठभर माणसे कॅप्टन जाँपियेर यांच्यासोबत सुटली. युद्धात पूर्णपणे नष्ट झालेली ही फ्रान्सची पहिली पॅराशूट बटालियन. काही महिन्यांत ती नव्याने उभी केली गेली. दुसऱ्या बटालियनचे प्रमुख मेजर राफाली १९५२ मध्ये लढाईतील जखमेने दगावले.

मग वायव्य व्हिएतनाममधील दिएन बिएन फूची लढाई आली. नोव्हेंबर १९५३ मध्ये त्या खोऱ्यात उतरलेल्या पहिल्या तुकड्यांमध्ये पहिली बटालियन होती. दुसरी बटालियन तिथे पाठवली गेली ती एप्रिल १९५४ मध्ये, म्हणजे धावपट्टी शत्रूच्या तोफांच्या टप्प्यात जाऊन कितीतरी दिवस झाल्यावर. शिपायांनी ९ एप्रिलच्या रात्रीपासून पुढे अंधारात, विमानविरोधी तोफांच्या माऱ्यातून, दिवसेंदिवस आक्रसत जाणाऱ्या वेढ्याच्या आत उड्या घेतल्या. दोन आठवड्यांनी, २३ एप्रिलच्या दुपारी, नुकतीच हातची गेलेली 'युगेत १' ही चौकी परत घेण्यासाठी याच बटालियनला धावपट्टीलगतच्या उघड्या जमिनीवरून हल्ला करण्याचा हुकूम झाला. आधीच्या विमानी बॉम्बफेकीचा फायदा घेण्यास उशीर झाला, हल्ल्याचे संचालन ज्या रेडिओवरून व्हायचे तो चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर लागलेला होता, आणि मैदानात अडकलेल्या कंपन्यांचे काय चालले आहे हे उमगेपर्यंत सुमारे दीडशे माणसे मृत वा जखमी झाली होती. उरलेल्या शिपायांना पहिल्या बटालियनच्या अवशेषांत मिसळून एकच पलटण करावी लागली. ७ मे रोजी छावणी पडली आणि जे जिवंत होते ते कैदेत गेले. त्या कैदेतून परत न आलेल्यांची संख्या फार मोठी होती.

हा हल्ला मी मुद्दाम विस्ताराने सांगितला. शौर्याची उणीव नसतानाही ढिसाळ संपर्क आणि घाईचे नियोजन यांच्यापायी एक उत्तम बटालियन काही तासांत कशी खर्ची पडते, याचे ते उदाहरण आहे.

१९५५ मध्ये अल्जीरियात या बटालियनच्या रेजिमेंट झाल्या. दुसऱ्या रेजिमेंटची औपचारिक स्थापना १ डिसेंबर १९५५ ची. पुढील सहा वर्षांत दोन्ही रेजिमेंट डोंगराळ भागात अल्जीरियाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीच्या तुकड्यांचा पाठलाग करत राहिल्या. पहिली रेजिमेंट १९५७ मध्ये जनरल मासू यांच्या दहाव्या पॅराशूट डिव्हिजनसोबत अल्जीयर्स शहरात उतरवली गेली. तिथले बॉम्बस्फोटांचे जाळे मोडले गेले, पण त्यासाठी छळ, गुप्त कोठड्या आणि माणसे बेपत्ता करणे या मार्गांचा सर्रास वापर झाला. छत्रीधारी सैनिकांनी पकडलेला तरुण गणितज्ञ मोरिस ओदँ याच्या मृत्यूला त्या वेळची शासनमान्य व्यवस्था जबाबदार होती, हे फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी २०१८ मध्ये अधिकृतपणे मान्य केले. या रेजिमेंटांचा इतिहास सांगताना एवढा भाग वगळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

अल्जीरियाला स्वयंनिर्णयाचा हक्क देण्याचे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी ठरवले, तेव्हा अनेक अधिकाऱ्यांना तो विश्वासघात वाटला. २१ एप्रिल १९६१ च्या रात्री पहिल्या रेजिमेंटने तिचे हंगामी प्रमुख मेजर एली द सँ मार्क यांच्या नेतृत्वाखाली अल्जीयर्स ताब्यात घेतले आणि शाल, सालाँ, जुओ व झेलेर या चार जनरलांचे बंड सुरू झाले. द गॉल यांचे भाषण सक्तीच्या भरतीतील फ्रेंच शिपायांनी ट्रान्झिस्टरवर ऐकले, त्यांनी बंडखोरांना साथ नाकारली आणि चार-पाच दिवसांत सारे कोसळले. ३० एप्रिल रोजी पहिली रेजिमेंट कायमची बरखास्त झाली. १८६३ मध्ये मेक्सिकोतील कामेरोन येथे झालेल्या लढाईचे स्मरण लीजन दरवर्षी ज्या दिवशी करते, तोच हा दिवस.

दुसऱ्या रेजिमेंटबद्दल एक गैरसमज आढळतो, तो म्हणजे ती बंडापासून दूर राहिली. तसे झाले नाही. तिचे उपप्रमुख मेजर काबिरो तिला घेऊन अल्जीयर्सला गेले होते. तिचे प्रमुख असलेले कर्नल मात्र बंडात सामील झाले नाहीत, आणि त्यामुळे रेजिमेंट बरखास्तीतून वाचली. वाचली, तरी तिच्यावरचा अविश्वास बराच काळ टिकला. १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला, लीजनचे जुने माहेरघर सिदी बेल अबेस सुटले, आणि फ्रान्सकडे काही वर्षांसाठी राहिलेल्या मेर्स एल केबीर नाविक तळाजवळ, बू स्फेर येथे या रेजिमेंटला मुक्काम मिळाला. तिथे शिपायांच्या हाती बंदुकीऐवजी फावडे आले, कारण छावणीच त्यांना बांधायची होती. दोन वेळा संपलेली परंपरा, बरखास्त झालेली भावंड रेजिमेंट, हरलेले युद्ध आणि पुढे काम काय हे ठाऊक नसलेली माणसे, अशी ती अवस्था होती.

१९६३ मध्ये लेफ्टनंट कर्नल रोबेर कायो यांनी सूत्रे घेतली. त्यांनी केलेला बदल कागदावर साधा दिसतो. तोपर्यंत पॅराशूट रेजिमेंटच्या सगळ्या कंपन्या एकसारख्या असत आणि कोणतीही कंपनी कोणत्याही कामाला लावली जाई. कायो यांनी प्रत्येक कंपनीला मूळ पायदळी कामाखेरीज स्वतःचे एक विशेष क्षेत्र नेमून दिले: पहिलीकडे रात्रीची लढाई व रणगाडाविरोधी काम, आणि पुढे शहरी लढाई, दुसरीकडे डोंगर, कडे आणि बर्फ, तिसरीकडे समुद्रमार्गे उतरणे आणि पाण्याखालून पोहत जाऊन करायची कामे, चौथीकडे दूरवरचा अचूक नेम व सुरुंग. शत्रूच्या प्रदेशात आधी उतरून टेहळणी करणाऱ्या निवडक जवानांचे छोटे पथकही याच काळात आकाराला आले. जून १९६७ मध्ये रेजिमेंट कॉर्सिका बेटावर काल्वी येथे आली. एका बाजूला समुद्र, पाठीशी उंच पर्वत आणि जवळच विमानतळ, त्यामुळे या विभागणीला इतकी अनुकूल जागा दुसरी मिळाली नसती. छावणीला राफाली यांचे नाव दिले आहे. लीजनच्या नव्या छत्रीधारी शिपायांना उड्या मारायलाही काल्वीतच शिकवले जाते, बाकीच्या फ्रेंच छत्रीधारी दलांप्रमाणे फ्रान्सच्या मुख्य भूमीवरील पो येथील शाळेत नव्हे.

यानंतर १९६९-७० मध्ये चाडमध्ये आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये जिबुतीजवळ लोयादा येथे तिला काम मिळाले. लोयादात ओलीस धरलेल्या शाळकरी मुलांच्या बसची सुटका जॉंदार्मरीच्या, म्हणजे फ्रान्सच्या लष्करी पोलीस दलाच्या, विशेष पथकाने केली, आणि सोमाली सीमेकडून होणाऱ्या गोळीबाराला लीजनच्या कंपनीने तोंड दिले.

आता कोल्वेझी. हे झैरेच्या (आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या) शाबा प्रांतातील, म्हणजे पूर्वीच्या कटांगातील, तांबे आणि कोबाल्ट यांच्या खाणींचे शहर. १३ मे १९७८ रोजी अंगोलातून आलेल्या कटांगी बंडखोरांनी ते घेतले. शहरात दोन हजारांहून अधिक युरोपीय होते. झैरेचे राष्ट्राध्यक्ष मोबुतू यांनी १६ मे रोजी स्वतःच्या छत्रीधारी सैनिकांची एक कंपनी उतरवली, ती जवळजवळ कापली गेली, आणि त्यानंतर शहरातील हत्यासत्र अधिकच भडकले. १७ मेच्या सकाळी काल्वीत सूचना आली. कर्नल फिलिप एरुलँ यांच्या रेजिमेंटने विखुरलेल्या कंपन्या गोळा केल्या आणि भाड्याने घेतलेल्या प्रवासी विमानांतून किन्शासा गाठले.

तिथे उघड झाले की उडी अमेरिकन बनावटीच्या, झैरेच्या साठ्यातील हवाई छत्र्यांनी घ्यावी लागणार, आणि फ्रेंच शिपायांच्या सामानाच्या पिशव्या त्या पट्ट्यांना बसत नाहीत. रात्रभर तार आणि दोऱ्या बांधून ती सोय केली गेली. विमाने कमी होती, म्हणून हर्क्युलस आणि ट्रान्साल यांत क्षमतेपेक्षा जास्त माणसे कोंबली. चार तासांच्या प्रवासानंतर १९ मेच्या दुपारी, पावणेचारच्या सुमारास, सुमारे ४०० जवानांनी दोन-अडीचशे मीटर उंचीवरून शहराच्या कडेला उड्या टाकल्या. खाली माणसापेक्षा उंच गवत आणि वाळव्यांची वारुळे होती. अंधार पडायला दोन तास उरले होते. पहिली कंपनी शाळेकडे, दुसरी इस्पितळाकडे आणि तिसरी हॉटेल, पोस्ट व पुलाकडे गेली. लपून बसलेली कुटुंबे बाहेर येऊ लागली. दुसरी खेप त्याच संध्याकाळी शहरावर आली होती, पण उजेड जात चालला म्हणून एरुलँ यांनी ती परत पाठवली आणि सकाळी उतरवली. हा निर्णय मला उडीइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण अनोळखी शहरात अंधारात उतरलेल्या दोन खेपांनी एकमेकांवरच गोळ्या झाडल्या असत्या. २० मे रोजी बेल्जियमचे छत्रीधारी सैनिकही विमानतळावर उतरले.

रेजिमेंटचे पाच जवान मरण पावले. शंभराहून अधिक युरोपीय आणि त्याहून कितीतरी अधिक आफ्रिकी नागरिक आधीच मारले गेले होते. सुटका खरी होती. त्याचबरोबर या मोहिमेने मोबुतू यांची राजवट सावरली आणि खाणी पाश्चात्त्य पुरवठ्यात टिकल्या, हेही तितकेच खरे आहे. मराठी वाचकाला या उडीचा आकार कळावा म्हणून सांगतो: ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईल येथे उतरलेली आपली २ पॅरा, जी मुळात मराठा लाइट इन्फन्ट्रीची बटालियन होती, ती याच श्रेणीची, साधारण सातशे जवानांची पलटण होती.

कोल्वेझीनंतरच्या कामांचे स्वरूप बदलले. ऑगस्ट १९८२ मध्ये ही रेजिमेंट बहुराष्ट्रीय फौजेची पहिली तुकडी म्हणून बैरूतमध्ये उतरली आणि पॅलेस्टिनी नेते अराफत यांच्या माणसांच्या निर्गमनावर तिने पहारा दिला. त्यापुढील दशकांत चाड, आयव्हरी कोस्ट आणि अफगाणिस्तान येथे ती होती. शत्रूच्या समोर मोठी उडी मात्र तीस वर्षांहून अधिक काळ घडली नाही. ती घडली २८ जानेवारी २०१३ च्या आधीच्या रात्री, मालीतील टिंबक्टू येथे, जेव्हा दक्षिणेकडून जमिनीवरून सैन्य येत असताना शहराच्या उत्तरेकडील वाटा रोखण्यासाठी रेजिमेंटचे सुमारे अडीचशे जवान अंधारात उतरले. शहरातील सशस्त्र गट आधीच निघून गेले होते, त्यामुळे लढाई झाली नाही. २०१५ मध्ये उत्तर नायजरमधील साल्वादोर खिंडीजवळ अशीच आणखी एक, लहान उडी झाली. रेजिमेंट आज अकराव्या पॅराशूट ब्रिगेडचा भाग आहे, आणि नव्या कंपन्यांची भर पडली असली तरी कायो यांनी आखून दिलेली कामांची विभागणी मुळात अजून तशीच चालू आहे.