गुडघे दुखतायत म्हणून कोंबड्या काढू नका, आधी खुराडं कमरेएवढं उंच करा

मुंबईच्या गोराई, मनोरी, मढ, आरेचे पाडे, सगळीकडून या दिवसांत कोंबड्यांबद्दल तेच प्रश्न येतायत. विचारणारे बहुतेक साठीच्या पुढचे, कुणाचे गुडघे गेलेत, कुणाचा खांदा वर जात नाही, कुणाला संधिवात. कोंबड्या कशा पाळायच्या हे तुम्हाला माहितीये, ते मी सांगत बसत नाही, जिथे चुकतंय तेवढंच बोलतो.

मनोरीच्या एक काकी विचारतात: वय 68, दोन्ही गुडघ्यांची झीज, कंबर धरते. नऊ गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. खुराडं जमिनीवर, वाकून अंडी काढता येत नाहीत, घाण खरवडता येत नाही. दुकानदार म्हणतो तीन मजली लोखंडी पिंजरा घ्या. घेऊ का, का सगळ्या विकून टाकू?

काकी, विकू नका आणि तो पिंजरा तर अजिबात घेऊ नका. त्याचा खालचा मजला तुमच्या घोट्याशी येतो, म्हणजे वाकणं आलंच, आणि वरच्या मजल्याला हात पुरवायला खांदा वर न्यावा लागतो. दुकानदाराला पिंजरा खपवायचाय, तुमचा गुडघा त्याच्या हिशोबात नाही. मी असे पिंजरे चार-चार महिन्यांत गंजून अंगणाच्या कोपऱ्यात पडलेले बघितलेत, आत कोंबडी नाही, वर कपडे वाळत घातलेले.

आहे तेच खुराडं उचला. सुताराला सांगा चार मजबूत पाय लावून खुराड्याची जमीन अडीच फुटांवर आण. नऊ-दहा कोंबड्यांना चार बाय पाच फूट पुरतं, कारण दिवसभर त्या बाहेरच असतात. पुढचं दार पूर्ण रुंदीचं ठेवा, अर्धं नको, म्हणजे उभ्या उभ्या लांब दांड्याच्या फावड्याने सगळं तूस खालच्या घमेल्यात ओढता येतं. अंड्यांची पेटी आत नाही, बाहेरच्या बाजूला, तुमच्या कोपराच्या उंचीवर, वरून झाकण उघडणारी. चार-पाच कोंबड्यांना अंडी घालायचा एक कप्पा या हिशोबाने दोन कप्पे पुरतात. कोंबड्यांना चढायला आडव्या पट्ट्या ठोकलेली तिरकी फळी लावा, दोन दिवसांत शिकतात. खुराड्याची पाठ नैऋत्येला करा, आपल्याकडे पाऊस तिकडूनच मारतो, आणि पत्रा पुढे दीड-दोन फूट काढा. बसायची दांडी दोन इंच रुंद आणि खाली फार उडी मारायला लागणार नाही एवढ्याच उंचीवर, नाहीतर तळव्याला गाठ येते.

उचलायच्या वजनाचंही तेच. खाद्याचं पन्नास किलोचं पोतं घेऊ नका, दुकानदार कितीही म्हणू दे की पोत्यात स्वस्त पडतं. अंगणात चरून येणाऱ्या कोंबडीला संध्याकाळी साधारण 50 ग्रॅम खाद्य पुरतं, नऊ कोंबड्यांना रोज 450 ग्रॅम, पाच किलो अकरा दिवस जातं. पाच-पाच किलोच आणा. आपल्या दमट हवेत पोतं महिनाभर पडलं की बुरशी लागते, वास येतो, आणि तेच खाऊन कोंबड्यांचं लिव्हर जातं. पाणी दहा पक्ष्यांना अडीच-तीन लिटर, उन्हाळ्यात जास्त, ते बादलीने नेऊ नका, एक लिटरच्या बाटलीने तीन खेपा करा. आणि कोंबडी पकडायला दिवसा मागे धावू नका, अंधार पडल्यावर ती दांडीवर बसलेली असते तेव्हा दोन्ही हातांनी पंख दाबून अलगद उचला, फडफडतही नाही. एका काकांचं खुब्याचं हाड कोंबडीमागे धावतानाच मोडलंय, म्हणून एवढं सांगतोय.

कोंबडा ठेवायलाच पाहिजे असं नाही. अंडी कोंबड्याशिवायही येतात, फक्त पिल्लं निघत नाहीत. शेजारी तक्रार करत असतील तर कोंबडा द्या आणि कोंबड्या ठेवा.

दुसरा प्रश्न आरेच्या एका पाड्यावरून: दोन वर्षांच्या कोंबड्या, गणपतीपासून अंडी बंद, मानेची-पाठीची पिसं गळतायत. औषधवाल्याने अँटिबायोटिकची पावडर आणि कॅल्शियमचं टॉनिक दिलं, पाच दिवस पाण्यातून दिलं, काही फरक नाही, आता तो म्हणतो डोस डबल करा.

डबल करू नका. परत सांगतो, डबल करू नका. कोंबडी आजारी नाहीये, ती पिसं बदलतेय. दिवस लहान व्हायला लागला की मोठ्या कोंबड्या पिसं टाकतात आणि दीड-दोन महिने, कधी तीन महिने, अंडी थांबवतात, कारण सगळं प्रथिन नव्या पिसांना लागतं. त्यावर अँटिबायोटिक देणं म्हणजे केस गळतात म्हणून न्यूमोनियाचं औषध घेणं. शिवाय औषध अंड्यात उतरतं, तेच अंडं तुमचा नातू खातो, म्हणून अँटिबायोटिक दिल्यावर पाकिटावर लिहिलेले दिवस अंडी खायची नसतात, आणि हे काउंटरवर कुणी सांगत नाही. कोलिस्टिन नावाचं औषध तर केंद्र सरकारने जुलै 2019 मध्ये कोंबड्यांसाठी बंदच केलंय, पाकिटावर ते नाव दिसलं तर परत करा.

कॅल्शियम टॉनिकचंही तेच. किनाऱ्यावरचे शिंपले धुवून, भाजून, कुटून वेगळ्या वाटीत ठेवा, जिला लागेल ती खाते, जिला नको ती खात नाही. पाण्यातून दिलं की सगळ्यांना प्यावंच लागतं, त्यात चार महिन्यांच्या आतली तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी असेल तर जास्त कॅल्शियमने तिची किडनी खराब होते, आत युरिक ॲसिड साठतं. तुमच्यातल्या ज्यांना युरिक ॲसिडने अंगठा सुजतो त्यांना ते दुखणं कसं असतं ते सांगायला नको.

मग करायचं काय, तर प्रथिन द्या. सुका जवळा घ्या, दोन पाण्यातून धुवून मीठ काढा, वाळवा, दहा कोंबड्यांना दिवसाला एक मूठ. धुतल्याशिवाय देऊ नका, जास्त मीठ पोटात गेलं तर कोंबडी मरते. आणि कोणती अंड्यावर येतेय ते बघायला रात्री शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये बोटं ठेवा, दोन-तीन बोटं बसली तर ती घालतेय किंवा आता सुरू करेल, एकच बोट जेमतेम बसलं तर अजून वेळ आहे. एवढी तपासणी स्टुलावर बसून होते.

मालवणीहून एका आजोबांनी कळवलंय की कोंबडी लंगडत होती म्हणून स्वतःची दुखण्याची गोळी अर्धी करून दिली. आजोबा, असं परत करू नका. दुखण्याच्या गोळ्यांतलं डायक्लोफेनॅक जनावरांना द्यायला आपल्याकडे 2006 पासून बंदी आहे, ते औषध दिलेल्या मेलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडं किडनी जाऊन संपली. कोंबडीचा पाय उलटा करून बघा, तळव्यावर काळी खपली आणि गाठ असेल तर दांडी उंच आहे किंवा अरुंद आहे. दांडी खाली आणा, तूस कोरडं करा, सूज वाढली तर डॉक्टरला दाखवा. आणि उलटही करू नका, कोंबड्यांच्या औषधाचा लेप स्वतःच्या गुडघ्याला लावणारे भेटलेत मला.

आता कडकनाथ. हा प्रश्न चार जणांनी विचारलाय, विकणारा सांगतो की काळं मांस आणि काळी अंडी खाल्ली की सांधेदुखी जाते, जोडी महाग पडली तरी वसूल. एक, कडकनाथचं अंडं काळं नसतं, फिकट बदामी असतं, काळं दाखवतो तो फसवतोय. दोन, कडकनाथच्या मांसात चरबी कमी असते हे खरं, पण त्याने सांधेदुखी बरी होते असं मी कुठेही बघितलेलं नाही, आणि त्यासाठी डॉक्टरची गोळी बंद केलेली माणसं मात्र बघितलीत, सुजलेली बोटं घेऊन परत आलेली. गोळी बंद करू नका. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या या जातीला 2018 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, जात चांगली आहे, पण अंडी वर्षाला शंभराच्या आसपासच. अंड्यांसाठी आपलं गावठी किंवा वनराजा, गिरिराज या सुधारित जाती घ्या. आणि आधी पैसे भरा, पक्षी आम्ही देतो, अंडी आम्हीच विकत घेतो, असं कुणी बोललं तर 2019 चा सांगलीकडचा कडकनाथ घोटाळा आठवा, पेन्शनीचे पैसे त्यात घालू नका.

लसीबद्दल: दुकानदार म्हणतो सगळ्या लसी एकाच दिवशी उरकून टाका, परत यायचा त्रास नको. तुम्हाला चालायला त्रास आहे म्हणून हे गोड वाटतं. ऐकू नका. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब, गंबोरो रोगाची दोन आठवड्यांना, लासोटा परत चार आठवड्यांना, देवीची सहा-सात आठवड्यांना, आणि मानमोडीचीच टोचायची आर टू बी आठ आठवड्यांच्या आत नाही म्हणजे नाही, लहान पिल्लाला ती टोचली तर लसच आजार करते. जंताचं औषध आर टू बीच्या आठवडाभर आधी. आजारी पक्ष्याला लस नाही, मर सुरू झाल्यावर तर नाहीच. पाण्यातून देणार असाल तर मुंबईच्या नळाचं पाणी थेट घेऊ नका, त्यातल्या क्लोरीनने लस मरते, लिटरला 5 ग्रॅम बिनसायीची दूध पावडर घाला आणि तासा-दीड तासात संपवा. संधिवाताच्या काही गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते, अशी गोळी चालू असेल तर लसीचा थेंब स्वतः हाताळू नका, डोळ्यात उडाला तर डोळे येतात, सुनेला किंवा नातवाला हातमोजे-चष्मा घालून करायला सांगा. तूस बदलताना तोंडाला मास्क, नंतर साबणाने हात, आणि अंडं पूर्ण उकडूनच खा, साठीनंतर साल्मोनेला हा अंड्यातला जंतू जास्त त्रास देतो.

वसईच्या एका काकांनी योजनेचं विचारलंय. राष्ट्रीय पशुधन अभियानात कुक्कुटपालनाला 50 टक्के, कमाल 25 लाखांपर्यंत अनुदान आहे, पण ते हजार पक्ष्यांच्या युनिटला. तुमच्या दहा कोंबड्यांना ते लागू नाही, फॉर्म भरून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला देऊ नका. तेच पैसे सुताराला द्या आणि खुराडं उंच करा.

एका दिवसात दोन-चार पक्षी धडाधड मेले, तुरा निळा पडला, तर हात लावू नका, खाडीत फेकू नका, कापून खाऊ तर नकाच. पशुवैद्यकीय मदतीच्या 1962 या नंबरला फोन करा. 2022 मध्ये शहापूरच्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला होता, आपल्यापासून लांब नाही ते. एकच मेली असेल आणि कारण कळत नसेल तर पिशवीत दुहेरी बांधून, बर्फावर ठेवून, मुलाकडून परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात पाठवा, पण फ्रीझरमध्ये गोठवू नका, गोठलेल्या पक्ष्यात आतलं नीट दिसत नाही. तुम्ही स्वतः लोकलने जाऊ नका, जिने फार आहेत.

नवीन तलंगा घ्यायच्या असतील तर दसऱ्यानंतर, दहा-बारा आठवड्यांच्या, लसीचं कार्ड बघून. मे-जूनमध्ये दुकानदार स्वस्तात एक दिवसाची पिल्लं देईल, घेऊ नका, त्यांना रात्री तीन वेळा उठून बल्ब बघावा लागतो आणि पावसात अर्धी जातात. आठ घ्या, फार तर दहा, त्याच्या वर जाऊ नका. आणि सुतार आधी, तलंगा नंतर.