एआरटी सुरू झाल्यावर जुलाब थांबत नसतील, तर गोळ्या बंद कराव्यात का?

आपल्या थोरल्या भावांना दोन महिन्यांपूर्वी एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे, सुरू झाली, गेले तीन आठवडे जुलाब थांबत नाहीत, वजन उतरत चालले आहे, तेव्हा गोळ्या मानवत नाहीत असे समजून त्या बंद कराव्यात का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. एका सरकारी एआरटी केंद्रात ११ वर्षे समुपदेशक म्हणून काम करते आहे. त्या अनुभवावरून कळकळीने सांगते, गोळ्या परस्पर बंद करू नका.

आपल्याकडे सरकारी केंद्रांतून बहुतेकांना टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही तिन्ही औषधे एकाच गोळीत मिळतात. तिच्यामुळे सुरुवातीला मळमळते, कधी पोट बिघडते, पण हा त्रास बहुधा काही आठवड्यांत निवळतो. भावांचे जुलाब मात्र सुरू झाले तेच महिना उलटल्यावर, म्हणून गोळीवर खापर फोडण्याआधी दुसरे कारण शोधायलाच हवे.

शरीरातील सीडी४ पेशींचा, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, फार मोठा साठा आतड्यांच्या अस्तरात असतो आणि एचआयव्ही विषाणूचा पहिला घाला तिथेच पडतो. त्यामुळे क्रिप्टोस्पोरिडियम किंवा आयसोस्पोरा यांसारखे परजीवी, जे एरवी थोड्या दिवसांत आटोक्यात येतात, ते रक्ततपासणीत सीडी४ची संख्या २०० च्या आणि विशेषतः १०० च्या खाली गेलेल्या माणसाला महिनोन्महिने छळतात. शौचाच्या नेहमीच्या तपासणीत ते निसटू शकतात. म्हणून शौचाची ‘मॉडिफाइड ॲसिड-फास्ट’ ही खास रंग देऊन होणारी तपासणी करायची का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. आयसोस्पोरा कोट्रायमोक्साझोल या प्रतिजैविकाने बरा होतो. क्रिप्टोस्पोरिडियमवर मात्र अशा रुग्णांत खात्रीचे औषध नाही. प्रतिकारशक्ती सावरली की तो हटतो, आणि ती सावरते ती याच गोळ्यांनी.

संध्याकाळी कणकण, रात्री घाम आणि पोटदुखी असेल, तर पोटाच्या क्षयाचीही शंका घ्यावी लागते, कारण एआरटीने प्रतिकारशक्ती जागी होताना दबून राहिलेला क्षय उफाळून येऊ शकतो. तोंडात पांढरा थर असेल आणि घास गिळताना छातीत दुखत असेल, तर तेही सांगा. ती अन्ननलिकेतील बुरशी असू शकते आणि तिच्यावर चांगले उपचार आहेत.

भाऊ गोळीसोबत आणखी काही घेतात का, तेही पाहा. आमच्या केंद्रातल्या एक ताई ‘गोळी उष्ण पडते’ म्हणून रोज रात्री गोळीपाठोपाठ दोन झाकणे पित्ताचे पातळ औषध घेत असत. पिशवीतून बाटली त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली तेव्हाच ते कळले. ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेल्या अशा औषधाने डोल्युटेग्रॅव्हिर नीट शोषले जात नाही. गोळी त्याच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावी लागते. भाऊ लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या घेत असतील, तर त्यांच्याही वेळा विचारून घ्या.

तोवर ओआरएसचे मोठे पाकीट १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून थोडे थोडे पाजत राहा. शौचातून रक्त पडले, ताप चढला, पाणीही पोटात ठरेना किंवा लघवी कमी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्या. एरवीही याच आठवड्यात केंद्रात जा, आणि जाताना घरातली सगळी औषधे, आयुर्वेदिक काढ्यासकट, एका पिशवीत घालून सोबत न्या.