बाळ अंगाशी बांधावे, पण कसे?

वाचकांचे प्रश्न

कापडाने किंवा कॅरिअरने बाळ अंगाशी बांधून वागवण्याविषयी गेल्या अंकात या सदरात एक छोटे उत्तर आले होते. त्यानंतर नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून पत्रे आली. त्यांतील काहींना येथे सविस्तर उत्तर देत आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत. नव्या आईवडिलांना हेच शिकवणे हे माझे काम असल्याने काही ठिकाणी माझे मतही येईल. ते मत म्हणूनच वाचावे.

प्रश्न : माझे बाळ दीड महिन्याचे आहे. खाली ठेवले की रडते, उचलले की शांत होते. सासूबाई म्हणतात, सारखे घेतलेस तर मांडीची सवय लागेल. कॅरिअर वापरले तर ही सवय आणखी वाढेल का? — एक आई, गंगापूर रोड

उत्तर : बहुतेक बाळांचे रडणे दीड महिन्याच्या सुमारासच सर्वांत जास्त असते आणि तीन-चार महिन्यांपर्यंत ते हळूहळू उतरते. या वयात बाळ जवळ घेतल्याने ते लाडावते, असे मानायला आधार नाही. हुन्झिकर आणि बार या संशोधकांनी कॅनडात केलेल्या आणि १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही आईवडिलांना बाळ रडत नसतानाही रोज अधिक वेळ अंगावर घ्यायला सांगितले होते. सहा आठवड्यांच्या वयात त्यांची बाळे इतर बाळांपेक्षा ४३ टक्के कमी रडत होती. मात्र आधीपासूनच अतोनात रडणाऱ्या बाळांवर पुढे जो अभ्यास झाला, त्यात असा फरक आढळला नाही. त्यामुळे ‘हे घ्या, रडणे बंद होईल’ असे कुणी ठामपणे सांगत असेल, तर त्यावर विसंबू नये. रडण्याबरोबर ताप असेल, बाळ दूध ओढत नसेल किंवा मलूल वाटत असेल, तर बांधाबांध बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जावे. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस ताप आला, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

सासूबाईंच्या म्हणण्यामागची काळजी मला समजते. त्यांच्या वेळी घरात आत्या, काकू, शेजारणी असत, बाळ या मांडीवरून त्या मांडीवर जाई आणि एकट्या आईवर दिवसभर भार येत नसे. आज दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सकाळी नऊनंतर तुम्ही आणि बाळ एवढेच उरत असाल, तर दोन्ही हात मोकळे राहतील अशी सोय हवीच. सासूबाईंनाही एकदा बाळ बांधून द्या. बाळ त्यांच्या छातीशी झोपी गेले, की हा वाद बहुधा तिथेच मिटतो.

प्रश्न : दुकानात आणि ऑनलाइन इतके प्रकार आहेत की काही कळत नाही. महागडे घ्यावे का? आणि पाय असे फाकवून ठेवल्याने बाळाचे पाय फेंगडे होतील, असे आमच्याकडे म्हणतात, ते खरे का? — एक वडील, सातपूर

उत्तर : आधी पायांचे पाहू. नवजात बाळाचे पाय मुळातच थोडे धनुष्याकृती असतात आणि बहुतेक मुलांमध्ये दीड-दोन वर्षांपर्यंत ते आपोआप सरळ होतात. बांधल्यामुळे फेंगडेपणा येत नाही. खरी काळजी घ्यायची ती खुब्याच्या सांध्याची. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत हा सांधा पुरता घडलेला नसतो. मांडीचे हाड खोबणीत नीट बसून राहावे, यासाठी मांड्या वर उचललेल्या आणि बाजूला फाकलेल्या असणे चांगले. कॅरिअरमध्ये बाळाचे गुडघे कुल्ल्यांपेक्षा वर असावेत आणि कापड एका गुडघ्यामागून दुसऱ्या गुडघ्यामागपर्यंत पोचावे. ज्या कॅरिअरची बैठक अरुंद असते आणि बाळ केवळ जांघेवर लोंबकळते, ते मी तरी घेऊ नये असेच सांगते. याच कारणाने बाळाला दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ताणून घट्ट बांधू नयेत. बाळ पायाळू असेल किंवा जवळच्या नात्यात कुणाला खुब्याचा जन्मजात दोष असेल, तर साधारण सहा आठवड्यांच्या सुमारास खुब्याची सोनोग्राफी करावी का, हे बालरोगतज्ज्ञांना आवर्जून विचारा.

किमतीवरून फारसे ठरत नाही. लहान बाळासाठी ताणले जाणारे लांब कापड म्हणजे स्ट्रेची रॅप, कडी लावलेली रिंग स्लिंग किंवा नवजात बाळाला बसेल असे जुळवता येणारे बकल कॅरिअर, यांपैकी तुमच्या दोघांच्या अंगाला जे बसेल ते घ्यावे. तुमची उंची आणि पत्नीची उंची यांत फरक असेल, तर पट्टे लहान-मोठे करता येणे फार उपयोगाचे पडते. बकल कॅरिअर घेताना बाळाच्या किमान वजनाची मर्यादा पाहा. ती बहुधा साडेतीन किलोच्या आसपास असते. घरच्या घरी रिंग स्लिंग शिवायची असेल, तर पडद्याच्या किंवा पर्सच्या कड्या वापरू नका. भार पेलण्यासाठीच बनवलेल्या, सांधा नसलेल्या कड्या लागतात. जुनी, धुऊन मऊ झालेली सुती साडी अनेक घरांत वापरतात आणि नीट बांधता येत असेल तर ती चालते. रेशमी आणि सिंथेटिक कापड मात्र घसरते. येवल्याची पैठणी कितीही मायेची असली, तरी या कामी नको.

प्रश्न : माझी सून महिन्याच्या नातीला कापडात इतकी गच्च बांधते की मला धास्ती वाटते. बाळ गुदमरणार नाही का? — एक आजी, पंचवटी

उत्तर : आजी, तुमची धास्ती अनाठायी नाही. पण गच्चपणापेक्षा सैलपणाचे भय जास्त आहे. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये स्लिंगविषयी जाहीर इशारा दिला होता. त्याआधीच्या वीस वर्षांत स्लिंगशी संबंधित किमान १४ मृत्यू त्यांच्या नोंदीत होते आणि त्यांपैकी १२ बाळे चार महिन्यांखालची होती. धोका दोन प्रकारे होतो. बाळाचे नाक-तोंड कापडात किंवा मोठ्या माणसाच्या अंगात दाबले जाते, किंवा खोलगट कापडात बाळ वळकटी होऊन पडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दुमडते. दुसऱ्या प्रकारात बाळ रडूही शकत नाही. पाहणाऱ्याला ते शांत झोपल्यासारखेच दिसते.

म्हणून सुनेने बाळ बांधले की तुम्ही स्वतः पाहा. सुनेने मान खाली घातल्याबरोबर तिला नातीचा चेहरा पूर्ण दिसला पाहिजे. कापड बाजूला सारावे लागता कामा नये. सुनेने मान किंचित झुकवली की नातीच्या टाळूचा पापा घेता यावा, इतकी नात वर हवी. तिची हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये तुमचे एक बोट सहज जावे. मग तिच्या पाठीवर तळहात ठेवून हलकेच दाबा. ती सुनेच्या अंगाकडे आणखी सरकली, तर कापड सैल आहे आणि पुन्हा आवळायला हवे. अंगावर पाजायचे असेल तर कापड सैल करून बाळ खाली घ्यावे, दूध पिऊन झाले की पुन्हा वर घेऊन आवळावे; स्तनाशी चेहरा ठेवून तसेच झोपू देऊ नये.

नात वेळेआधी जन्मलेली, कमी वजनाची किंवा सर्दीने चोंदलेली असेल, तर बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय बांधू नका. काही वाचकांनी याची आणि कांगारू मातृसेवेची सांगड घातली आहे, म्हणून येथेच सांगते. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ मध्ये सुरू झालेली ही पद्धत कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांचा उपचार आहे. त्यात बाळ उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवतात. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मल्याबरोबर ही सेवा सुरू केल्याने अशा बाळांचे मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये ती दिवसाचे ८ ते २४ तास द्यावी, अशी शिफारस केली. ती डॉक्टर आणि परिचारिका यांच्या देखरेखीखाली सुरू करायची असते. बाजारातल्या कॅरिअरने तिची जागा घेऊ नये.

प्रश्न : बाळ पुढे बांधून स्कूटरवर मागे बसले तर चालेल का? नाशिक रोडहून माहेरी पंचवटीला रोज रिक्षा परवडत नाही. — एक आई, नाशिक रोड

उत्तर : चालणार नाही. स्लिंग किंवा कॅरिअर अपघातात बाळाला वाचवत नाही. उलट मोठ्या माणसाचे वजन बाळावर येऊ शकते. केंद्र सरकारच्या २०२२ च्या नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट लागते आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. तुमचे बाळ त्याहून लहान असेल, तर त्याच्या मापाचे हेल्मेटच नसते. बसने जा, आणि रोजच्याऐवजी आठवड्यातून एकदा जा, असेच मी सांगेन. शेगडीपाशी फोडणी देतानाही बाळ पुढे बांधलेले नसावे.

प्रश्न : सिझेरियन होऊन तीन आठवडे झाले. बाळ बांधता येईल का? — एक वाचक, सिडको

उत्तर : टाका भरत आला आहे, असे तुमच्या डॉक्टरांनी पाहून सांगितले की सुरुवात करता येते. कमरपट्टा टाक्यावर येणार नाही असा, वर पोटावर बांधावा. कमरपट्टाच नको असेल तर स्ट्रेची रॅप बरा पडतो. पहिले काही दिवस दहा-पंधरा मिनिटे पुरेत. ओटीपोटात ओढ बसली, रक्तस्राव वाढला किंवा खाली जडपणा वाटला, तर त्याच क्षणी सोडावे. तोवर बाळाच्या वडिलांनी बांधावे, ते उत्तम.

प्रश्न : हे शिकवणारे सल्लागार असतात म्हणे. ते नेमके काय करतात? व्हिडिओ पाहून जमणार नाही का? — इंदिरानगर

उत्तर : काहींना व्हिडिओ पाहून जमतेही. पण पडद्यावरच्या माणसाला तुमच्या कापडातला सैल पदर दिसत नाही, तुमच्या बाळाची मान एका बाजूला पडलेली दिसत नाही. माझ्या मते फरक इतकाच आहे आणि तो मोठा आहे.

चांगली भेट दीड-दोन तास चालते. पहिला बराच वेळ बोलण्यातच जातो: बाळ किती आठवड्यांचे जन्मले, वजन किती, बाळंतपण कसे झाले, आईची कंबर दुखते का, घरी कोण आहे, आणि बाळ बांधून तुम्हाला करायचे काय आहे. कुणाला घरात फिरायचे असते, कुणाला पांडवलेणीच्या पायऱ्या चढायच्या असतात, कुणाला फक्त चहा गरम असताना प्यायचा असतो. मग सल्लागार बाळाच्या वजनाच्या बाहुलीवर बांधून दाखवते आणि आईवडिलांना आरशासमोर तीच बाहुली बांधायला देते. वडील बहुधा आधी गाठ जोरात आवळतात आणि कापड मधूनच सैल राहते. तेव्हा त्यांना कापडाची वरची कड, मग मधला भाग, मग खालची कड, अशी एकेक चिमट्यात धरून ओढायला शिकवावे लागते. खांद्यावर दोरीसारखे गोळा झालेले कापड दंडापर्यंत पसरले, की ‘अरे, वजनच गेले’ असे त्यांच्या तोंडून आपसूक निघते. बाळ त्यानंतर येते, तेही पोट भरलेले आणि जागे असताना. सल्लागार शेजारी हात राखून उभी असते, पण बाळ बांधतात ते आईवडीलच. पहिल्यांदा बाळ थोडे कुरकुरते. अशा वेळी ताठ उभे न राहता चालायला लागावे; चार पावलांतच ते बरेचदा निवते.

या कामाला आपल्याकडे सरकारी परवाना किंवा नोंदणी नाही, म्हणून पारख तुम्हालाच करायची आहे. प्रशिक्षण कुठे आणि किती दिवसांचे घेतले, हे खुशाल विचारा. एकाच कंपनीचे कॅरिअर गळ्यात मारणारी, खुब्यात दोष आहे किंवा जीभ खाली जखडलेली आहे (टंग-टाय) असे निदान स्वतःच सांगणारी, डॉक्टरांचा सल्ला मोडायला लावणारी व्यक्ती टाळा. विकत घेण्याआधी आठवडाभर वापरायला कॅरिअर देणारी सल्लागार मिळाली, तर तिला प्राधान्य द्या. आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीची गरजच पडू नये, असे शिकवणारी सल्लागार मला सर्वांत चांगली वाटते.

आणखी एक गोष्ट या कामात वारंवार समोर येते. कापड हातात असते, पण आई बोलता बोलता रडू लागते. बाळंतपणानंतरचे पहिले काही दिवस मन हळवे होणे स्वाभाविक आहे. उदासपणा दोन आठवड्यांहून जास्त टिकला, झोप लागेनाशी झाली किंवा बाळाविषयी, स्वतःविषयी भयंकर विचार येऊ लागले, तर त्यावर उपचार आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा, किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर मोफत फोन करा. बाळ बांधणे हा त्यावरचा इलाज नव्हे, आणि हे आईला स्पष्टपणे सांगणे सल्लागाराचे कर्तव्य आहे.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. बागेत काम करताना पाच महिन्यांचे बाळ पाठीशी बांधावे का? उन्हाळ्यात काय करावे? — एक शेतकरी आई, दिंडोरी तालुका

उत्तर : पाठीशी बांधायला बाळ आधाराशिवाय बसू लागेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिन्यांपर्यंत, थांबा, पाठीवरचे बाळ दिसत नाही, म्हणून मान आणि पाठ धरलेली हवी. फवारणीच्या दिवशी, आणि फवारा सुकेपर्यंत, बाळाला बागेत आणूच नका. फवारणी केलेल्या माणसानेही आंघोळ करून, कपडे बदलूनच बाळ घ्यावे. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहाच्या आत आणि ऊन उतरल्यावरच बांधा. कापड हाच एक कपडा धरून बाळाला आत पातळ सुती झबले पुरे. मानेमागे हात लावून पाहा. घामाने चिंब किंवा तापलेली लागली तर सावलीत सोडून घ्या. बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत उन्हाळ्यातही वरचे पाणी नको, अंगावरचे दूधच जास्त वेळा पाजा.