दुसऱ्या बाळंतपणाआधी थोरलीची तयारी

तुझा प्रश्न नीट वाचला. पाचवा महिना चालू आहे, तारीख नोव्हेंबरअखेरची, थोरली पावणेतीन वर्षांची, जूनपासून नर्सरीत जायला लागलेली. घरी येणारा-जाणारा 'तुला भाऊ येणार' म्हणतो आणि ती 'मला बाळ नको' म्हणून पाय आपटते. शिवाय आठव्या महिन्यात ठाण्याहून कोल्हापूरला माहेरी जायचं, तर तिला बरोबर न्यावं की शाळा बुडू नये म्हणून सासूबाईंजवळ ठेवावं, हा घोळ. मी बालवाडीत शिकवते, माझी स्वतःची दोन आता कॉलेजात आहेत, आणि वर्गात दर वर्षी कुणाकुणाच्या घरी पाळणा हलतोच. त्यामुळे जरा ऐसपैस लिहिते.

माहेरचं आधी, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. तिला मागे ठेवून जाऊ नकोस. एवढ्याशा मुलीच्या हिशेबात दोन-अडीच महिने म्हणजे आई गेलीच, आणि परत येते ती दुसरं मूल कडेवर घेऊन. मग तुम्ही कितीही गोडीगुलाबीनं समजवा, तिनं काय समजायचं ते समजून घेतलेलं असतं. नर्सरी बुडली तर काही बिघडत नाही, हे शाळेतली बाई म्हणूनच सांगते. पण कोल्हापूरला नेलंस तर तिचे बाबा, तिचं घर, तिची शाळा आणि वर आईची मांडी, सगळं एकदमच सुटतं. म्हणून माझं मत विचारशील तर तुझ्या आईलाच ठाण्याला बोलाव. पहिलं माहेरी आणि दुसरं सासरी ही पद्धत अनेक घरांत आहेच, कुणी नाक मुरडायचं कारण नाही. डिंकाचे लाडू ठाण्यातही वळता येतात, मालिशवाली बाई तिथेही मिळते, आणि इतके महिने तपासणारी डॉक्टर ऐनवेळी बदलावी लागत नाही. आईला घर सोडणं जमतच नसेल, तर प्रवासाचं डॉक्टरांना विचारून तिघं मिळून कोल्हापूरला जा. बाबांनी तिथे चार दिवस राहून तिला रुळवावं आणि पुढे शनिवार-रविवारी येत जावं. येणार म्हटलं की यायचंच, एवढं मात्र पाळा.

'भाऊ येणार' हे बंद करायला लाव, आणि आजच. एक तर ते कुणालाच माहीत नाही. गर्भाचं लिंग सांगणं काय, विचारणं काय, १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर ती पाटी तू दर वेळी बघतेसच. उद्या मुलगी झाली तर थोरलीच्या लेखी सगळ्या घरानं तिला फसवलं. आणि याहून वाईट गोष्ट अशी, की मुलीला उठता-बसता 'तुला भाऊ हवा ना?' विचारलं की आपण पुरेशा नाही हे तिला उमगतं. तिला ते बोलून दाखवता येत नाही, पण मोठी माणसं आपसात 'या खेपेला तरी' कुठल्या सुरात म्हणतात ते तिला बरोबर कळतं. डोहाळजेवणात पेढा-बर्फीच्या वाट्या झाकून ठेवतात आणि 'पेढा काढ हं बाळा' म्हणत थोरलीलाच पुढे करतात, तेही नको. मी असते तर वाट्या मांडूच दिल्या नसत्या. फारच आग्रह झाला तर पेढा आणि बर्फी दोन्ही तिला खाऊन टाकू दे.

आता 'बाळ नको'. यावर वाद घालू नकोस, 'असं म्हणू नये' तर अजिबात नको. 'बरं, तुला नकोसं वाटतंय होय' एवढं म्हण आणि मग सहज विचार, 'बाळ आलं की काय होईल गं?' उत्तर ऐकून गार पडशील. माझ्या वर्गातल्या एका मुलानं सांगितलं होतं, की बाळ त्याच्या जागेवर झोपणार आणि त्याला गावाला पाठवणार. कुणीतरी शेजारच्यानं गमतीत म्हटलेलं, त्यानं खरं धरलेलं. 'आता तुझे लाड संपले', 'आता आई बाळाची' असली वाक्यं आपल्याकडे इतकी सर्रास बोलली जातात की बोलणाऱ्याला ती टोचतात हे माहीतही नसतं. थट्टा करणाऱ्याला तिच्यादेखतच तोडायचं: 'नाही हो काकू, हिची जागा हिचीच आहे.' काकूंना राग आला तर येऊ दे.

मुलाला बाळाबद्दल सांगायचं असतं त्याहून कितीतरी जास्त त्याच्या स्वतःच्या दिवसाबद्दल सांगायचं असतं. मला भात कोण भरवणार, रात्री गोष्ट कोण सांगणार, शाळेतून न्यायला कोण येणार. बाळाला इवली बोटं असतात यात तिला फारसा रस नाही, आणि नसू दे. जे जे बदलणार आहे ते आत्ताच बदलायला घे, म्हणजे बाळ येईल तेव्हा ते जुनं झालेलं असेल. ती तुझ्याजवळ झोपत असेल आणि पुढे बाबांकडे झोपायची असेल, तर बाबांच्या बाजूची जागा गणपतीच्या आसपास सुरू कर. तू त्याच खोलीत राहा, फक्त कूस बदल. शी-शूची सवय अजून नीट लागलेली नसेल तर ती आत्ता लावा, नाहीतर सरळ बाळ तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत राहू द्या. नववा महिना ही त्याची वेळ नव्हे.

आंघोळीचं उदाहरण घे, कारण घोडं तिथेच अडतं. तिची आंघोळ आत्तापासून आठवड्यातून तीन-चारदा बाबांनी घालायची. पहिल्या दिवशी साबण डोळ्यांत जाणार आणि ती 'आईच हवी' म्हणून बाथरूम डोक्यावर घेणार. तू स्वयंपाकघरातच थांब. पाणी आधी पायांवर, मग खांद्यांवर, डोक्यावर शेवटी आणि तेही तिनं छताकडे बघितल्यावर, हे तुझ्या हाताला येतं. त्याला शिकावं लागेल. दाराबाहेरून सूचना देऊ नकोस. आठवडाभरात त्या दोघांचा स्वतःचा काहीतरी खेळ तयार होतो, ज्यात तुला जागाच नसते. तेच हवं आहे. सिझर झालं तर सहा आठवडे तिला उचलायचं नाही असंच डॉक्टर सांगतील, आणि तेव्हा बाबांची आंघोळ ही शिक्षा वाटता कामा नये.

आत्ताही तिला उचलून घेता येत नसेल तेव्हा 'पोटात बाळ आहे ना' हे कारण देऊ नकोस. पाठ दुखते म्हण, दमलेय म्हण, आणि खाली बसून मांडीवर घे. एकेक नकार बाळाच्या नावावर मांडत गेलं तर बाळ यायच्या आधीच त्याच्या डोक्यावर भलतं कर्ज होतं.

वेळ सणांनी सांग. 'चार महिन्यांनी' आणि 'परवा' यात तिला काही फरक नाही. आधी गणपती, मग भोंडला, मग किल्ला, मग फराळ, आकाशकंदील काढून ठेवला की त्यानंतर कधीतरी बाळ. 'कधीतरी' म्हणायचंच, कारण नेमक्या तारखेला फार थोडी बाळं येतात. बाळ पोटात आहे म्हटल्यावर ते वरण-भातातच बसलंय असं मुलांना वाटतं, तेव्हा बाळाची पिशवी वेगळी असते हे सांग. सहाव्या-सातव्या महिन्यात बाळ हललेलं बाहेरून हाताला कळतं आणि बाळाला आवाजही ऐकू यायला लागतात, त्यामुळे तिला पोटाशी बोलायचं असेल तर बोलू दे. पाच मिनिटं हात ठेवून काहीच हललं नाही तर ती कंटाळून पळेल, पळू दे.

'तुझ्याशी खेळायला बाळ येणार' हे मात्र साफ खोटं आहे. येतं ते सोळा-सोळा तास झोपणारं, उरलेल्या वेळात पिणारं आणि रडणारं गाठोडं. दीड-दोन महिन्यांनी ते तिच्याकडे बघून हसेल, खेळायला तर बराच काळ जाईल. हे तिला दाखवायला तिचेच जुने व्हिडिओ काढ: ती रडतेय, तिची टाळू भरली जातेय, तिच्या बारशाला पाळण्यात ती झोपून गेलीय. मुलांना स्वतःचं बाळपण बघायला विलक्षण आवडतं, आणि आपलंही एवढंच कौतुक झालं होतं हे तिला न सांगता समजतं. पाळणा माळ्यावरून आत्ताच उतरव, तिला त्यात चार दिवस बाहुली झोपवू दे. तिच्या जुन्या झबल्यांतली बाळाला कुठली द्यायची ते तिनं निवडावं, आणि एखादं द्यायचं नाही म्हणाली तर ते तिचं.

केंब्रिजमध्ये जूडी डन आणि कॅरोल केंड्रिक या दोघींनी ४० कुटुंबांचा, दुसरं मूल व्हायच्या आधीपासून, घरी जाऊन अभ्यास केला होता. १९८२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्या घरांत आई थोरल्याशी बाळाबद्दल एक माणूस म्हणून बोलायची, म्हणजे त्याला भूक लागली असेल का, ते का रडत असेल, काय करूया, त्या घरांत भावंडांचं पुढे जास्त गोडीनं जमलं. आपल्याकडे हे करणं अवघड नाही. 'हात लावू नको' ऐवजी 'बघ गं, याला काय हवंय?' एवढाच फरक. पण तिला सदान्‌कदा 'तू आता ताई' म्हणून कामाला जुंपू नका. आपणहून दुपटं आणलं तर शाबासकी, नाही आणलं तर काही नाही. तीन वर्षांची मुलगी मोठी नसते.

हॉस्पिटलचं सांगते. साधी प्रसूती झाली तर दोन-तीन दिवस, सिझर झालं तर चार-पाच दिवस तू घरी नसशील, आणि पहिल्या रात्री बहुधा बाबाही नसतील. म्हणून तिच्याजवळ जे कुणी झोपणार आहे त्याच्याजवळ ती आधी काही रात्री झोपलेली असली पाहिजे. कळा रात्रीच सुरू झाल्या तर काय होईल तेही आधीच सांगून ठेव: 'तू उठशील तेव्हा आजी असेल, आई-बाबा दवाखान्यात असतील, मग तू बाळाला बघायला येशील.' जागी असेल तर तिला सांगूनच नीघ. रडेल, पण मागच्या दारानं पसार होऊ नकोस. एकदा तसं झालं की पुढचे कित्येक दिवस तू बाथरूमला गेलीस तरी ती दारात उभी राहते. लहान मुलांना वॉर्डात सोडतात का ते आधी विचार, सगळीकडे सोडत नाहीत. ती भेटायला येईल तेव्हा बाळ पाळण्यात असू दे आणि तुझे हात मोकळे. हाताला सलाईनची सुई असेल तर बाबांनी वाटेतच सांगावं, कारण मुलं बाळापेक्षा त्या पट्टीलाच जास्त घाबरतात. टाके असतील तर पोटावर उशी घे आणि तिला बाजूनं कुशीत येऊ दे. बाळाकडे तिनं ढुंकून पाहिलं नाही तरी कुणी काही बोलायचं नाही.

घरी आल्यावर ती बाटलीनं दूध मागेल, बोबडं बोलेल, चड्डीत शू करेल. किंवा यातलं काहीच करणार नाही. सगळीच मुलं करतात असं नाही. मागितली बाटली तर दे, दोन घोटांत कंटाळते. मारलं-ओरबाडलं तर हात धरायचा, आवाज न चढवता, आणि बाळाजवळ तिला एकटं सोडायचं नाही, ती कितीही मायेनं वागत असली तरी. बारशाला आत्यानं कानात नाव सांगितलं की तिच्या पाठीत धपाटे घालायचा मान थोरलीला द्या. हे काम कुठलंही मूल जीव ओतून करतं. आणि शाळेत तिच्या बाईंना आत्ताच सांगून ठेव. आम्हाला बऱ्याचदा मूल चावायला लागल्यावर कळतं.

तू विचारलं नाहीस पण दोन गोष्टी. ती अजून अंगावर पीत असेल तर दूध 'बाधतं' म्हणून कुणी एका दिवसात तोडायला लावेल. गरोदरपण ठीकठाक चाललं असेल तर ते तोडायची गरज नसते. रक्तस्राव किंवा वेळेआधी कळा यायचा धोका असेल तर डॉक्टर काय म्हणतात ते ऐक. दूध या महिन्यांत कमी होतं, चवही बदलते, कित्येक मुलं आपणच सोडतात. सोडवायचंच असेल तर आत्ता हळूहळू, शेवटच्या महिन्यात नको. दुसरं म्हणजे तिचं लसीचं कार्ड काढून बघ. १६ ते २४ महिन्यांतला डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस झालेला हवा. बाळाला डांग्या खोकल्याची पहिली लस सहाव्या आठवड्याला मिळते आणि नर्सरीतलं मूल घरी खोकला आणतंच, म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात तुला घ्यायच्या टीडॅपचंही, म्हणजे गरोदरपणात आईला देतात त्या डांग्या खोकल्याविरुद्धच्या लसीचंही, डॉक्टरांना विचार. सर्दी झाली म्हणून तिला बाळंतिणीच्या खोलीबाहेर काढू नका. साबणानं हात धुवायचे आणि पापा तोंडाचा न घेता पायाचा घ्यायचा, एवढं तिला आत्तापासून बाहुलीवर शिकव.