बेळगावात नवीन आलायस? मग हे ऐक की

भावा, आल्या आल्या हॉटेलांची लिस्ट काढत बसू नको. संध्याकाळी खडे बाजार, गणपत गल्लीतनं पायी फिर, जिथं कढई सारखी चालू आहे आणि गर्दी गल्लीतल्याच लोकांची आहे तिथं उभा राहा, भजी निघाली की लगेच खा, गार झाली की मजा गेली. कुंदा घेताना आधी चव बघ, दूध आटून आटून तपकिरी झालेला, दाणेदार लागला पाहिजे, नुसता गोड असला तर दुसरं दुकान बघ की. मांडे करताना कुठं दिसले तर थांबच, उपड्या कढईवर पसरतात ते, केवढे पातळ! आणि घरमालकीण मावशीनं गरम भाकरी-झुणका दिला तर नको म्हणू नको, मी पहिल्या वर्षी म्हणायचो, आता पुण्यात तीच भाकरी आठवते बघ.