क्यूजीआयएसमध्ये आयडीडब्ल्यू इंटरपोलेशनचे आकडे मूळ बिंदूंशी का जुळत नाहीत?

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही इंटरपोलेशन केलं, म्हणजे मोजलेल्या बिंदूंवरून मधल्या जागांचे आकडे काढले. पर्जन्यमापकांच्या नोंदी ० ते ८५ मिमीच्या, आणि रास्टरमध्ये (तयार झालेल्या चौकटींच्या जाळीत) मात्र उणे आकडे, असं तुम्ही लिहिलंय. हाच सगळ्यात मोठा धागा आहे. आयडीडब्ल्यू म्हणजे जवळच्या बिंदूंना जास्त भार देणारी सरासरी, त्यामुळे उत्तर दिलेल्या किमान-कमाल मर्यादेबाहेर जाऊच शकत नाही. तरी गेलं, तर चूक गणितात नाही, माहितीत आहे. अॅट्रिब्यूट टेबल (बिंदूंच्या माहितीचा तक्ता) पावसाच्या रकान्यावर चढत्या क्रमाने लावा. बहुतेक वेळा कुठेतरी -९९९९ बसलेला सापडतो. ‘नोंद नाही’ याची ती खूण, पण सॉफ्टवेअर तिला खरा पाऊस समजतं. अशा ओळी गाळूनच पुन्हा चालवा. रिकाम्या जागी शून्य भरलं असेल तर ते जास्त घातक, कारण ते डोळ्यांना खटकत नाही.

दुसरं म्हणजे प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत. लेयर (बिंदूंचा थर) ईपीएसजी ४३२६ मध्ये, म्हणजे साध्या अक्षांश-रेखांशांत असेल तर अंतर अंशांत मोजलं जातं, आणि रेखांशाचा एक अंश ६० अक्षांशावर विषुववृत्ताच्या निम्माच भरतो. पिक्सेलचा (जाळीतल्या एका चौकटीचा) आकारही अंशांतच धरला जातो: ०.१ म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे ११ किमी! आधी लेयर तुमच्या भागाच्या यूटीएम झोनमध्ये (मीटरमध्ये मोजणारं प्रक्षेपण) रीप्रोजेक्ट करा, म्हणजे बदलून घ्या, मग आकार मीटरमध्ये द्या.

बिंदूंभोवती गोल डाग दिसले तर घाबरू नका, तो या पद्धतीचा स्वभावच आहे. घातांक (अंतर वाढलं की भार किती वेगाने घटतो ते ठरवणारा आकडा) २ वरून कमी केला की दूरच्या बिंदूंचा प्रभाव वाढतो.

आणि पडताळणी रंगांवरून नको. आयडेंटिफाय टूलने बिंदूवरच क्लिक करून रास्टरचा आकडा वाचा.