वाचकांचे प्रश्न : बाप्तिस्मा घेतलेली बहीण उपासनेला येईनाशी झाली

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांची लहानशी मंडळी आहे. उन्हाळ्यात बाप्तिस्मा घेतलेली एक बहीण दिवाळीपर्यंत नियमाने उपासनेला येत असे. आता महिनाभर ती आलेली नाही. तिचे पती ख्रिस्ती विश्वासात नाहीत. तिचा विश्वास थंडावला, तिला समज द्यावी, असे मंडळीचे काही वडील (कारभार पाहणारे ज्येष्ठ) म्हणतात. काय करावे? घरची ओढाताण पाहून तिला मंडळीतून धान्य द्यावे का?

उत्तर : समज देण्याआधी ती रविवारी सकाळी कोठे असते, याची चौकशी करावी. दिवाळीनंतर आपल्याकडे कापसाची वेचणी भरात असते आणि मजुरी किलोवर मिळते. सकाळी उपासनेला थांबून दुपारी वावरात पोहोचणाऱ्या बाईचे गाठोडे संध्याकाळी काट्यावर हलकेच भरते, आणि त्याचा जाब तिला घरी द्यावा लागतो. वेचणी संपेपर्यंत रविवारी संध्याकाळी एखाद्या घरी प्रार्थनासभा घेतल्यास तिच्यासारख्या इतरही बहिणींची सोय होईल.

परंतु सभेची वेळ बदलणे पुरेसे नाही; तिच्याकडे कोणीतरी जायला हवे. वडिलांनी घोळक्याने जाऊ नये, कारण त्यामुळे शेजारीपाजारी चर्चा होते आणि त्याचा त्रास तिलाच होतो. मंडळीतील दोन समंजस बहिणींनी, शक्यतो दर वेळी त्याच दोघींनी, स्वयंपाक आटोपल्यावर जावे, आधी सासूबाईंची आणि पतीची विचारपूस करावी, आणि प्रार्थना करायची झाल्यास घरच्यांना विचारून, सर्वांसमोर करावी. वाचायला मार्ककृत शुभवर्तमान घ्यावे; त्याचे अध्याय १६च आहेत. प्रत्येक भेटीत एकच प्रसंग वाचावा आणि तिला काय वाटले ते तिला बोलू द्यावे. वाचता येत नसेल, तर मोबाईलवर मराठी पवित्र शास्त्र ऐकता येते. उपदेश करण्याची घाई अनेकांना होते. माझ्या मते पहिल्या काही भेटींत ऐकणे अधिक गरजेचे आहे.

अंत्युखिया शहरातील नव्या विश्वासणाऱ्यांना पहिल्या मंडळीतील सेवक बर्णबाने धीर दिला, तेवढ्यावर तो थांबला नाही. तार्सास जाऊन त्याने शौलाला, म्हणजेच पौलाला, आणले आणि दोघांनी तेथे वर्षभर राहून शिकवले (प्रेषितांची कृत्ये ११:२२–२६). आपण मात्र बाप्तिस्म्यापूर्वी आठवडे न् आठवडे शिकवतो आणि नंतर हजेरीवहीत नाव लिहून मोकळे होतो. नव्या माणसाला खरे प्रश्न पडतात ते नंतर : पोळ्याला घरात पूजा असताना काय करायचे, भावकीच्या लग्नात कोठवर सामील व्हायचे.

पतीबाबत तिच्यावर कोणताही दबाव आणू नये. विश्वास न ठेवणारा पती एकत्र नांदण्यास राजी असेल तर पत्नीने त्याला सोडू नये, असे पौल लिहितो (१ करिंथ ७:१३). कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. काही वर्षांनी त्यांनी स्वतःच्या विचाराने तो निर्णय घेतला. या बहिणीच्या पतीलाही तितकीच मोकळीक असावी.

धान्याविषयी सांगायचे तर, मंडळी गरजू कुटुंबांना मदत करत असेल तर त्याच नियमाने, वहीत नोंद करून, तिलाही द्यावी. ती उपासनेला येते की नाही याच्याशी त्या मदतीचा संबंध जोडू नये, आणि तसे तिच्या पतीलाही स्पष्ट सांगावे.